पकड किती घट्ट?

केस गळायला लागले की आपल्याकडे आधी तेल बदलतं, मग शाम्पू बदलतो आणि शेवटी औषधाच्या दुकानातून बायोटिनच्या गोळ्या घरी येतात. अशा एका गोळीत बऱ्याचदा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. शरीराची रोजची गरज जेमतेम ३० मायक्रोग्रॅमची. म्हणजे एका गोळीत जवळजवळ अकरा महिन्यांची बेगमी! जास्तीचं बायोटिन लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे त्याचा अपाय सहसा जाणवत नाही. पण गोळ्या चालू असतानाच थायरॉइडची तपासणी केली, तर रिपोर्ट भलताच येऊ शकतो. टीएसएच खाली गेलेलं, टी-फोर वर चढलेलं. पाहणाऱ्याला वाटावं, थायरॉइडची ग्रंथी जादा काम करते आहे. ग्रंथी मात्र धडधाकट असते. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये या घोटाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीतही बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो, आणि अशा एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद त्या इशाऱ्यात आहे.

केसांच्या गोळीचा थायरॉइडच्या चाचणीशी संबंध काय, हे समजायला अंड्याच्या पांढऱ्या बलकापर्यंत मागे जावं लागतं.

१९२७ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस उंदरांना प्रथिन म्हणून अंड्याचा कच्चा पांढरा बलक वाळवून खायला घालत होत्या. उंदरांची कातडी सोलवटली, डोळ्यांभोवतीचे केस गेले, पाय लुळे पडले. आहारात यकृत मिसळलं की उंदीर सुधारत. यकृतातल्या त्या गुणकारी पदार्थाला पुढे बायोटिन हे नाव स्थिरावलं. १९४०-४१ च्या सुमारास टेक्सास विद्यापीठातल्या ईकिन, स्नेल आणि विल्यम्स यांनी पांढऱ्या बलकातला गुन्हेगार पकडला. ते एक प्रथिन होतं. बायोटिन दिसलं की ते त्याला धरून बसे आणि आतड्यातून अंगी लागू देत नसे. त्याच्या या हावरेपणावरून त्याचं नाव पडलं अ‍ॅव्हिडिन. अंडं उकडलं की अ‍ॅव्हिडिनची घडी मोडते आणि पकडही जाते, म्हणून शिजवलेल्या अंड्याला हा दोष नाही. दुधात एखादं कच्चं अंडं फेटून पिणाऱ्यानेही या कारणासाठी घाबरायला नको. केवळ या प्रथिनामुळे आजारी पडायचं तर कच्चा बलक भरपूर आणि दीर्घकाळ खावा लागतो.

प्रथिनाने ज्या रेणूला धरायचं त्याला जीवरसायनशास्त्रात लिगंड म्हणतात. बायोटिन हा अ‍ॅव्हिडिनचा लिगंड, ऑक्सिजन हा हिमोग्लोबिनचा, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली बहुतेक औषधं ही शरीरातल्या कुठल्या ना कुठल्या प्रथिनाचे लिगंड. या जोड्यांमधली पकड किती घट्ट आहे हे मोजणं माझ्या मते जीवशास्त्रातलं अत्यंत महत्त्वाचं आणि सर्वात घाईने उरकलं जाणारं काम आहे. त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

घट्टपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोरीची गाठ येते, ओढून बघायची. रेणूंना असं ओढून बघावं लागत नाही, कारण ते स्वतःच सतत सुटत असतात. पाण्यात लिगंड येतो, प्रथिनाच्या खाचेत बसतो, काही वेळ राहतो, निघून जातो, मग दुसरा येतो. हे येणं-जाणं कधी थांबत नाही. काही वेळाने येणारे आणि जाणारे सारखे होतात, आणि वरून पाहणाऱ्याला सगळं स्थिर दिसतं. यालाच समतोल म्हणायचं. या समतोलात प्रथिनाच्या बरोबर निम्म्या खाचा भरलेल्या असायला पाण्यात किती मोकळा लिगंड हवा, तेवढी संहती म्हणजे पकडीचं माप. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘केडी’ म्हणतात. केडी जितका लहान तितकी पकड घट्ट, कारण थोड्याशाच लिगंडवर निम्म्या खाचा भरतात.

हे अर्ध्याचं माप डॉक्टरांना हिमोग्लोबिनमुळे पूर्वीपासून ओळखीचं आहे. तिथे ऑक्सिजन दाबाने मोजतात. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन निम्मं भरायला पाऱ्याच्या सुमारे २७ मिलिमीटर दाबाचा ऑक्सिजन लागतो. गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनला सुमारे २० पुरतो, म्हणूनच आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेतून बाळाकडे ओढला जातो. हिवाळ्यात हिमालय ओलांडून जायकवाडीला उतरणाऱ्या पट्टकदंब हंसांचं हिमोग्लोबिनही सखल प्रदेशातल्या त्यांच्या भाऊबंदांपेक्षा ऑक्सिजनला अधिक घट्ट धरतं. विरळ हवेत तेवढाच आधार. पण घट्ट म्हणजे चांगलं असं मात्र समजू नये. हिमोग्लोबिनचं निम्मं काम धरण्याचं आणि निम्मं सोडण्याचं आहे. कार्बन मोनॉक्साइडला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतं. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा बंद खोलीतली कोळशाची शेगडी जीव घेते ती त्यामुळेच.

आता मोजायचं कसं? सर्वात जुन्या पद्धतींपैकी एक मला अजूनही सर्वात प्रामाणिक वाटते. सेलोफेनसारख्या पारदर्शक पटलाची चपटी नळी मिळते. ती पाण्यात भिजवली की मऊ होते आणि दोन बोटांत चोळून तिचं तोंड उघडावं लागतं. खालच्या टोकाला दोन गाठी मारायच्या, पिपेटने प्रथिनाचं द्रावण आत सोडायचं, हवेचा बुडबुडा राहू न देता वरची गाठ मारायची. ही इवलीशी पिशवी लिगंड घातलेल्या बफरमध्ये सोडून द्यायची. पटलाची छिद्रं इतकी बारीक असतात की लिगंड आरपार जातो आणि प्रथिन आतच राहतं. भांडं कोल्ड रूममध्ये मंद ढवळत ठेवायचं आणि दिवा मालवून घरी जायचं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचा आणि आतला लिगंड मोजला. समजा बाहेर २ मायक्रोमोलर निघाला आणि आत ५. मोकळा लिगंड दोन्हीकडे सारखाच असणार, म्हणजे आतल्या ५ पैकी २ मोकळा आणि उरलेला ३ प्रथिनाने धरून ठेवलेला. पिशवीत प्रथिनाच्या खाचा ६ मायक्रोमोलर असतील तर त्यातल्या बरोबर निम्म्या भरल्या. मोकळा लिगंड २, खाचा निम्म्या भरलेल्या, म्हणून केडी २ मायक्रोमोलर. एवढंच. अर्थात खऱ्या प्रयोगात एका पिशवीवर भागत नाही. बाहेरचा लिगंड कमी-जास्त करत आठ-दहा पिशव्या लावाव्या लागतात आणि भरत जाणाऱ्या खाचांचा आलेख काढावा लागतो. गोळीतलं औषध रक्तात किती मोकळं फिरतं आणि किती अल्ब्युमिनला चिकटून राहतं हे आजही याच तत्त्वावर मोजतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा सुमारे ९९ टक्के भाग असा चिकटलेला असतो. उरलेल्या एक टक्क्यावर सगळं काम चालतं.

पद्धत कुठलीही असो, तिच्यात दोन चुका दबा धरून बसलेल्या असतात. दोन्हींमध्ये आलेख सुरेख येतो आणि आकडा खोटा निघतो, म्हणून त्या जास्त घातक.

पहिली चूक प्रथिन जास्त घेण्याची. समजा एका जोडीचा खरा केडी १ नॅनोमोलर आहे. संकेत नीट दिसावा म्हणून आपण प्रथिन १०० नॅनोमोलर घेतलं आणि त्यात थोडा थोडा लिगंड टाकत गेलो. निम्म्या खाचा भरायच्या तर ५० नॅनोमोलर लिगंड त्या खाचांमध्येच जाऊन बसणार आणि वर १ मोकळा राहणार. म्हणजे अर्धा टप्पा गाठला तेव्हा आपण ५१ नॅनोमोलर लिगंड ओतलेला असतो. वहीत केडी म्हणून ५१ लिहिला जातो. खरं उत्तर १! आपण मोजली ती आपणच ओतलेल्या प्रथिनाची निम्मी मात्रा. पकड त्यात कुठेच मोजली गेली नाही. प्रथिन ०.१ नॅनोमोलर घेतलं असतं तर अर्ध्या टप्प्याला १.०५ आकडा आला असता, म्हणजे खऱ्याच्या अगदी जवळ. पण इतक्या कमी प्रथिनाचा संकेत दिसायला किरणोत्सारी किंवा चमकणारी खूण लावावी लागते, तिच्यासाठी मेहनत लागते, आणि तिथेच मन कच खातं.

दुसरी चूक न थांबण्याची. पकड जितकी घट्ट, तितका समतोल यायला वेळ जास्त. मायक्रोमोलर पकडीच्या जोडीला, रेणू झपाट्याने जुळणारे असतील तर, सेकंदाचा अंशही पुरतो. तितक्याच झपाट्याने जुळणाऱ्या पण पिकोमोलर पकडीच्या जोडीला सुमारे दहा तास लागतात. आणि सवयीने बहुतेक ठिकाणी अर्धा तास किंवा तासभर ठेवून नळ्या मोजायला घेतात. समतोल आलेलाच नसतो, खाचा भरायच्या बाकी असतात, म्हणून पकड आहे त्यापेक्षा सैल दिसते. उपाय साधा आहे. तोच प्रयोग दोन वेगवेगळ्या वेळा थांबून करायचा, उत्तर बदललं तर आणखी थांबायचं.

२०२० साली स्टॅनफर्डच्या डॅनियल हर्शलॅग यांच्या गटाने ‘ईलाइफ’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. प्रसिद्ध झालेले पकडीच्या मोजणीचे १०० अभ्यास त्यांनी तपासले. पुरेसा वेळ थांबलो होतो का आणि प्रथिनाची मात्रा योग्य होती का, याची पडताळणी बहुतेकांत नोंदलेलीच नव्हती. काही आकडे तर चुकीचेच असल्याचं दाखवता आलं. मला या लेखाने हादरवलं. आपण ज्या आकड्यांवर औषधं निवडतो, पेशीच्या कारभाराचे आराखडे मांडतो, त्यांच्या बुडाशी एवढी साधी तपासणी नसावी? यात कुणाची लबाडी आहे असं मला वाटत नाही. थांबण्याची सवयच लावली जात नाही. पदवीच्या प्रात्यक्षिकाला दोन-तीन तास मिळतात, त्यात समतोल आला असं गृहीत धरून पुढे जायला आपण विसाव्या वर्षीच शिकतो.

अ‍ॅव्हिडिनने या सगळ्याची परीक्षाच घेतली. त्याचा बायोटिनशी केडी दहाच्या उणे पंधराव्या घाताएवढ्या मोलरच्या आसपास आहे. एवढी विरळ संहती म्हणजे किती? कोयनेचं धरण काठोकाठ, १०५ टीएमसी भरलं आहे असं समजा. त्या सगळ्या पाण्यात जेमतेम पाऊण ग्रॅम बायोटिन विरघळवलं, की अ‍ॅव्हिडिनच्या निम्म्या खाचा भरतील इतकी संहती झाली. यात प्रथिन त्याहूनही विरळ घ्यायचं, आणि समतोलाची वाट पाहायची. तीही किती? अ‍ॅव्हिडिनमध्ये बसलेल्या बायोटिनपैकी निम्मं सुटायला सुमारे २०० दिवस लागतात. नीट समतोल यायला असे पाच टप्पे तरी जाऊ द्यावेत, म्हणजे हजार दिवस. पावणेतीन वर्षं एका नळीपाशी कोण बसणार?

ब्रिटनमधले मायकेल ग्रीन यांनी १९६३ मध्ये दुसरी वाट काढली. समतोल मोजायचाच नाही, त्याचे दोन्ही वेग वेगवेगळे मोजायचे. बसण्याचा वेग मोजणं अवघड होतं कारण तो फार जलद, आणि सुटण्याचा वेग मोजणं अवघड होतं कारण तो फार मंद. ग्रीन यांनी किरणोत्सारी कार्बन घातलेलं बायोटिन अ‍ॅव्हिडिनमध्ये बसवलं, मग त्यात साधं बायोटिन भरपूर ओतलं. एखादा किरणोत्सारी रेणू सुटला की त्याची जागा लगेच साधा घेणार आणि त्याला परत शिरायला वाव नाही. दिवसामागून दिवस किती किरणोत्सारी बायोटिन सुटून बाहेर येतं ते पाहत गेलं की सुटण्याचा वेग हाती येतो, त्यासाठी निम्मं सुटेपर्यंत थांबावं लागत नाही. सुटण्याच्या वेगाला बसण्याच्या वेगाने भागलं की केडी.

ग्रीन यांचीच आणखी एक युक्ती डोळ्यांनी पाहता येते. हाबा नावाचा एक रंग आहे. तो पाण्यात पिवळा दिसतो. त्यात अ‍ॅव्हिडिन टाकलं की रंगाचे रेणू बायोटिनच्या खाचांमध्ये जाऊन बसतात आणि द्रावण नारिंगी-लाल होतं. मग बायोटिनचा एक थेंब. जिथे थेंब पडतो तिथून लाली ओसरू लागते आणि नळी हलवली की पुन्हा पिवळी होते. रंगाची पकड मायक्रोमोलरच्या घरातली, बायोटिनची त्यापेक्षा अब्जावधीपटींनी घट्ट. रंगाला जागा सोडावीच लागते. पुस्तकात पानभर समजावलेली चढाओढ इथे एका थेंबात दिसते.

आता यंत्रं आली आहेत. आयटीसी नावाच्या यंत्रात नाण्याएवढ्या चपट्या कुपीत सुमारे २०० मायक्रोलिटर प्रथिन भरतात. वरून एक फिरती सिरिंज दोन-दोन मायक्रोलिटरने लिगंड सोडते आणि स्वतःच द्रावण ढवळते. रेणू जुळले की बहुधा अल्पशी ऊब सुटते. शेजारी पाण्याची दुसरी कुपी असते, दोन्हींचं तापमान सारखं ठेवायला यंत्राला जी वीज कमी-जास्त करावी लागते तिची नोंद पडद्यावर उमटते. पहिल्या थेंबांना लांबलचक सुळके, खाचा भरत गेल्या की बुटके, शेवटी नुसती कुसळं. प्रथिनाला खूण चिकटवावी लागत नाही, काहीही रंगवावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. एसपीआर यंत्र स्वीडनमधून १९९० मध्ये बाजारात आलं. त्यात सोन्याच्या अतिशय पातळ थरावर प्रथिन बसवतात, वरून लिगंडचा प्रवाह सोडतात आणि खालून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून किती रेणू येऊन चिकटले हे क्षणाक्षणाला कळतं. मग नुसतं बफर सोडायचं आणि रेषा खाली घसरताना बघायची. पण घट्ट जोडी असेल तर रेषा घसरतच नाही. अ‍ॅव्हिडिनसारख्या पकडीत नुसते पाच टक्के सुटायलाही पंधरवडा लागेल. यंत्र कितीही महाग असो, रेणूला घाई करता येत नाही.

रंग आणि बायोटिन यांच्यात जी चढाओढ झाली, तिच्यावर आजची पॅथॉलॉजी लॅब उभी आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यालो आणि डॉक्टर सॉलोमन बर्सन काम करत. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात किरणोत्सारी इन्सुलिन अपेक्षेपेक्षा जास्त वेळ रेंगाळतं, असं त्यांना दिसलं. कारण रुग्णांच्या रक्तात त्याला धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. इन्सुलिनसारख्या लहान रेणूविरुद्ध अँटिबॉडी तयार होते हे तेव्हा कुणी मानायला तयार नव्हतं. त्यांचा लेख नाकारला गेला, नाकारल्याचं ते पत्र यालो यांनी पुढे नोबेलच्या व्याख्यानात दाखवलं. त्याच अँटिबॉडीला त्यांनी मोजमाप बनवलं. ठरावीक अँटिबॉडी, ठरावीक किरणोत्सारी इन्सुलिन, आणि त्यात रुग्णाचं रक्त. रुग्णाचं इन्सुलिन जितकं जास्त, तितकं किरणोत्सारी इन्सुलिन खाचांबाहेर ढकललं जाणार. रक्तातली अतिसूक्ष्म संप्रेरकं मोजता येऊ लागली. त्यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन १९७२ मध्येच गेले होते.

आज किरणोत्सारी खुणेच्या जागी बहुतेक ठिकाणी प्रकाश देणारी खूण आली आहे. टीएसएचच्या बऱ्याच किटांमध्ये दोन अँटिबॉडी असतात. एकीवर प्रकाशाची खूण, दुसरीवर बायोटिन. दोघींनी मिळून टीएसएच मधे धरलं की हा सगळा संच चुंबकीय मण्यांवर अडकवायचा आणि बाकीचं धुऊन टाकायचं. अडकवण्याचं काम करतं स्ट्रेप्टॅव्हिडिन, म्हणजे अ‍ॅव्हिडिनचा जिवाणूंमधला भाऊ, जवळजवळ तितकाच घट्ट. एवढी पक्की पकड म्हणून तर त्याला निवडलं.

रुग्णाच्या रक्तात गोळीतलं बायोटिन पोहत असेल तर ते मण्यांवरच्या खाचा आधी बळकावतं. चाचणी अर्ध्या तासाच्या आत संपते, आणि एकदा बसलेलं बायोटिन तेवढ्यात उठत नाही. अँटिबॉडीचे संच जागा न मिळाल्याने धुऊन जातात, प्रकाश कमी पडतो, यंत्र टीएसएच कमी सांगतं. टी-फोरची चाचणी चढाओढीची असते, तिथे कमी प्रकाशाचा अर्थ जास्त संप्रेरक, म्हणून तो आकडा चढतो. आता काही कंपन्यांनी किट सुधारले आहेत, तरी सगळीकडे नाहीत. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनचा सल्ला आहे की तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिनची गोळी बंद ठेवावी. मण्यावर बसलेलं बायोटिन कितीही थांबलं तरी लवकर सुटणार नाही, पण रक्तातलं बायोटिन मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात. रक्त द्यायला जाताना आपण कुठल्या गोळ्या घेतो हे लॅबमधल्या माणसाला सांगावं, केसांची गोळीसुद्धा.